पंधरा गाठींची सुतळी

सागपाडा, ता. शिरपूर
८ जुलै २०२४

लाडक्या मंदाफुई,

नोकरीचा कागद हातात पडला तेव्हा तू, बाबांची बहीण कमी आणि मास्तरीण जास्त, म्हणाली होतीस, "फोनवर नुसती हं-हं करू नकोस, बसून पत्र लिही." तुझी इच्छा सातपुड्यानेच पुरी केली. इथे रेंजच नाही. शाळेमागच्या टेकडीवर मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर कधीमधी फोनला जाग येते, पण तोवर काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं.

शाळा दोन खोल्यांची. मुलं अडतीस आणि शिक्षक दोघं. मुख्याध्यापक चैत्राम सर याच भागातले, त्यांच्याकडे तिसरी-चौथी. पहिली-दुसरी माझी. सकाळी ढग इतके खाली उतरतात की मुलं दिसायच्या आधी त्यांचा आवाज येतो. मी दारात उभी राहते आणि पांढऱ्यातून एकेक दप्तर बाहेर येतं. पहिल्या दिवशी वाटलं, हे सगळं मी झोपेत बघतेय.

पण फुई, मी अडलेय. माझी मुलं शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणतात. आणि "मला सात चिंचोके दे" म्हटलं की मूठभर उचलून आणतात. पहिलीतला झिपरू चिंचोक्यांवर बोट फिरवतो, पण तोंड बोटाच्या पुढे धावतं. पाच चिंचोक्यांचे नऊ होतात.

आणि दुसरीतली सरिता. ती आकडा उच्चारतच नाही, ओठ मिटून बसते. संध्याकाळी ही पोर आजीच्या शेळ्या राखते. शुक्रवारी मी पाहत होते. कळप उतारावरून खाली आला, तिने नुसती नजर फिरवली, "कबरी नाही" म्हणाली आणि उलटी रानात पळाली. मोजलं काहीच नाही. कबरी खरंच मागे राहिली होती.

तू छत्तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवलीस. सांग ना, सुरुवात कुठून करू?

तुझी मयुरी


आपलं गाव, ता. मुक्ताईनगर
१६ जुलै २०२४

चि. मयुरी,

पत्र आठव्या दिवशी मिळालं. चार पानं, त्यात 'खूप' हा शब्द एकदाही नाही, म्हणजे सुधारलीस. शाळेत असताना एका पानात अकरा 'खूप' घालायचीस.

आता ऐक. शंभरापर्यंतचं ते म्हणणं म्हणजे गाणं आहे, मोजणी नव्हे. गाऊ दे पोरांना, पण त्यावर भुलू नकोस. पहिले पंधरा दिवस पाचाच्या पुढे जायचं नाही. एक वस्तू, एक बोट, एक शब्द. झिपरूचं तोंड पळत असेल तर त्याला चिंचोका उचलून वाटीत टाकायला लाव. हात सावकाश चालतो, मग तोंडही त्याच्या मागून चालतं.

मग मुठीचा खेळ. मुठीत चिंचोके घे, मूठ उघड, पापणी लवेपर्यंत दाखव आणि मिट. किती होते? मोजायला वेळ द्यायचाच नाही. दोन, तीन, चार हे मोजायचे नसतात, ते दिसतात. ज्या पोराला चार दिसले त्याची मला कधी काळजी वाटली नाही.

त्या सरितेला "मोज" म्हणू नकोस. तिला रोज विचार, "आज वर्गात कोण नाही?" तिला नसलेलं दिसतं. बाई, हे तर आपल्या पुस्तकातल्या पहिल्या धड्याच्याही आधीचं आहे. तिच्याकडे सगळं आहे, फक्त नावं नाहीत. नावं येतील.

इथे केळी निसवायला लागली. पाचशे झाडांपैकी एकशे बारांच्या पोटातून घड बाहेर आलेत. रोज सकाळी बागेत जाते आणि घडाखाली उभी राहून फण्या मोजते. कालच्या घडाला नऊ. तुझे फुवा होते तेव्हा चिडवायचे, "मोजल्याने वाढतात काय गं?" मी म्हणायचे, केळी नाही वाढत, पण मला बरं वाटतं. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. अजून मोजते, अजून बरं वाटतं.

पोळ्याला ये. पुरण करते.

तुझी फुई


सागपाडा
५ ऑगस्ट २०२४

लाडक्या फुई,

झिपरूचं तोंड थांबलं! वाटीत टप्प आवाज आल्याशिवाय आता पुढचा आकडा म्हणत नाही. मुठीच्या खेळाचं तर वेडच लागलंय. मधल्या सुटीत पोरं एकमेकांना मुठी दाखवत फिरतात. बाहेर भुरभुर पाऊस, आत "तीन! तीन! चार!" चैत्राम सर खिडकीतून म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गात जुगार चाललाय की काय?"

सरिताला मी रोज "कोण नाही?" विचारते. ती वर्गावरून नजर फिरवते आणि नावं सांगते. कधी चुकत नाही. पण "मग किती नाहीत?" म्हटलं की पुन्हा ओठ मिटले. मी घाई करत नाहीये. तूच सांगितलंस ना.

पोळ्याचं नक्की सांगत नाही. तेव्हा केंद्रावर प्रशिक्षण आहे म्हणे.

मयुरी


सागपाडा
२२ सप्टेंबर २०२४

फुई,

तुझ्या जुलैच्या पत्रानंतरचं हे माझं दुसरं पत्र, तुझं एकही नाही. शिरपूरला गेले की फोन करते, तो बंद लागतो. मी पोळ्याला आले नाही म्हणून रागावलीस ना? प्रशिक्षण खरंच होतं. पुरणाचा घास मलाही आठवला, पण पहिल्याच वर्षी सुटी कशी मागू?

एवढा राग तू कधी धरत नाहीस. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण लिही.

मयुरी


मंगळवार

बाळ मयुरी,

राग कसला आलाय? तुझ्यावर रागावले तर माझंच जेवण गोड लागत नाही. ताप आला होता जरा. अशक्तपणा आहे, म्हणून लिहायचं राहिलं. तुझी पत्रं उशाशीच असतात. फोन खाली पडला, दुरुस्तीला टाकायचा कंटाळा केला. पत्रच लिहीत जा, मला तेच आवडतं.

बाग छान आहे. घड भरलेत. धुरपदाबाई शेजारी आहेच, भाजीभाकरी आणून देते. पोरांना मन लावून शिकव. सरितेला माझा आशीर्वाद सांग.

फुई


सागपाडा
२७ ऑक्टोबर २०२४

फुई,

तुझं पाकीट पंचवीस दिवस फिरून काल माझ्याकडे आलं. त्यावर परक्या जिल्ह्यातल्या पोस्टाचा शिक्का आहे. पोस्टमनकाका म्हणाले, "पिन कोडचे आकडे बघा मॅडम, सगळे उलटेपालटे. नशीब गावाचं नाव होतं."

पत्र तीनदा वाचलं. बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, आणि का ते कळेना. मग तुझं जुलैचं पत्र शेजारी ठेवलं. आठवा दिवस, चार पानं, पाचशे झाडं, एकशे बारा, नऊ फण्या, सहा वर्षं. आणि या पत्रात? तारीख नाही. ताप किती दिवस होता ते नाही. घड किती भरले ते नाही. एकही आकडा नाही, फुई. फोडणीत किती मोहरीचे दाणे तडतडले तेसुद्धा सांगणारी बाई तू!

काय झालंय? मला खरं सांग. नाहीतर मी शाळा सोडून येते.

मयुरी

सोबत पत्ता लिहून, तिकिटं लावून काही पाकिटं ठेवते. त्यातच पत्र घाल.


बुधवार, दिवाळीनंतरचा

मयुरी,

पकडलंस. माझ्याच हाताखालची पोर ती.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी बागेत गेले. पानांवरून दव गळत होतं, आत तो हिरवा काळोख. घडाखाली उभी राहिले आणि नेहमीसारखी मोजायला लागले. खालच्या फणीला नाव होतं. तिच्या वरच्या फणीलाही होतं. मग आणखी वर नजर गेली, तर त्या फणीला नावच नाही. मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे. तेव्हा भीती नाही वाटली बघ. फार निवांत वाटलं, जसं काही शाळा सुटली आणि सगळी पोरं घरी गेली. मग जीभ जड झाली. धुरपदाबाई गवत घेऊन बांधावरून चालली होती, तिने पाहिलं आणि भारा टाकून धावली. "व माय, मंदाबाई, तोंड असं काबर झालं तुह्यं?"

जळगावला दवाखान्यात ठेवलं होतं. ओठ सरळ झाला, हातपाय चालतात, आणि जीभ तर तुला माहीतच आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बारीक नस होती, थोडक्यात निभावलं. थोडक्यात म्हणजे काय ते घरी आल्यावर कळलं.

आकडे गेले, मयुरी. वार कळतात, माणसं कळतात, पुस्तक वाचता येतं. पण आकडा दिसला की परक्या गावचं पोर दारात उभं राहावं तसं होतं. मी म्हणते, कोण रे तू? ते बोलत नाही. घड्याळाचे काटे नुसते फिरतात. फोन उघडायला आकडे मागतो, म्हणून तो कपाटात टाकला. पडलाबिडला नाही.

रडले मी, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर पोरांना म्हटलं, "सोपं आहे, नीट बघ म्हणजे दिसेल." आता कळतं, नीट बघूनही दिसत नाही म्हणजे काय. ज्यांना चिडून कोपऱ्यात उभं केलं ती पोरं आठवतात. त्यांची माफी कुठे मागू?

हितेंद्रला मी दवाखान्याचं कारण नुसतं बी.पी. सांगितलंय. रविवारी तो सुरतेहून धुरपदाबाईच्या फोनवर बोलतो, मी "बरी आहे" म्हणते. त्याला कळलं तर घराला कुलूप लावून मला घेऊन जाईल. लेक चांगला आहे गं, पण त्याचं घर उंच इमारतीत. लिफ्टमध्ये बटणं असतात. मी कुठलं दाबू? इथे निदान माझ्या बागेत जायला आकडा लागत नाही.

गोळ्यांचा तेवढा घोळ होतो. परवा घेतल्या की नाही ते कळेना, म्हणून परत घेतल्या. मग न्हाणीत भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून होते. धुरपदाबाईलाही सांगितलं नाही.

तू हितेंद्रला सांगू नकोस. तुझ्यापुढे हात जोडते.

फुई


सागपाडा
२४ नोव्हेंबर २०२४

माझ्या फुई,

तुझं पत्र मोहाच्या झाडाखाली वाचलं आणि तिथेच बसून राहिले. हात जोडू नकोस, मला सहन होत नाही.

नाही सांगत दादाला. पण माझ्या दोन अटी आहेत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आकड्यांचं सगळं सांगायचं. आणि दादा जेव्हा घरी येईल तेव्हा तू स्वतः त्याला सांगायचं, मी नाही.

सोबत एक पुठ्ठा आहे. त्यावर सूर्य काढलाय, सूर्याखाली दोन गोल. खाली दिवा, त्याच्याखाली एक गोल. धुरपदाबाईंना सांग, रोज गोलांवर गोळ्या ठेवून देतील. गोळी उचलून खाल्लीस की त्या गोलावर चिंचोका ठेवायचा. चिंचोका दिसला म्हणजे गोळी पोटात. आकडा लागत नाही, मी झिपरूवर करून पाहिलंय. गोळ्यांऐवजी शेंगदाणे होते, फार आवडीने शिकला.

चिंचोक्यांची पुडी पाठवतेय. आता धडा पहिला. पाचाच्या पुढे जायचं नाही. एक वस्तू, एक बोट, एक शब्द. घाई नाही. तुझंच तुला परत करते.

आणि सरिताचं सांगायचंय. दिवाळीनंतर तिचे वडील गोपालभाऊ ऊसतोडीला गुजरातेत गेले. जाताना आजीच्या हातात सुतळीचं एक गुंडाळं दिलं, त्यात जेवढे दिवस ते बाहेर तेवढ्या गाठी. सरिता ते शाळेत घेऊन आली होती. मी आजीला, रुख्माबाईंना विचारलं, किती गाठी आहेत? त्या हसल्या. "मोजीसन काय करू, बाई? रोज एक गाठ सोडस. बठ्ठ्या सुटन्यात का पोऱ्या घर." सगळ्या सुटल्या की मुलगा घरी, एवढाच त्यांचा हिशेब. सरिता रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी एक गाठ सोडते. तिला आकडे नकोत, फुई. तिला तिचे वडील हवेत. आणि तरीही ती मोजतेय.

तूही तशीच मोज.

मयुरी


शनिवार, संक्रांतीनंतरचा

मयुरी,

पुठ्ठा देवघराशेजारी टेकवलाय. संक्रांत झाली, गोळ्यांचा घोळ परत झाला नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, परत येतील, नाही असं नाही, पण सराव सोडू नका. ही ओळ मी शाळेच्या प्रगतिपुस्तकात किती पोरांना लिहिली असेल!

धुरपदाबाईने आधी टिंगल केली. "काय वं मास्तरीण, म्हातारपनी चिंचोके खेळून राह्यली?" आता रोज दुपारी भांडी घासून झाली की स्वतःच येऊन बसते. मूठ उघडते, मिटते. माझ्याहून तिलाच जास्त हौस.

एक आलं. दोनही आलं. ते तर हळूच येऊन बसले, कधी ते कळलंच नाही. तीन कधी दिसतात, कधी नुसते चिंचोके दिसतात. चार अजून धुक्यात आहे.

परवा दुपारी बागेत, बांधावर डोळा लागला. स्वप्न पडलं. केळीच्या पानांखाली वर्ग भरलाय. माझी सगळ्या वर्षांची पोरं रांगेत बसलीत, पण ती पोरं नाहीत, आकडे आहेत. कुणाचं नाक वाहतंय, कुणी चुळबुळ करतंय. मी हजेरी घेते. एक म्हणतो हजर, दोन हजर, तीन जांभई देत हजर. मग वर्ग गप्प. मागच्या बाकावरून एक पोरगी उठली आणि म्हणाली, "बाई, चार आलेलं नाही." मी म्हटलं, "येईल गं. लांबून चालत येतंय." आणि जाग आली. अंगावर वाळकं पान पडलं होतं.

ती पोरगी शेळ्यांच्या मागची वाटली मला. तुझी सरिता असावी.

फुई


सागपाडा
१२ मार्च २०२५

फुई,

दोन बातम्या. गोड आधी सांगते. काल सकाळी शेवटची गाठ सुटली आणि दुपारी गोपालभाऊ आले. होळीला घरी! सरिता त्यांचा हात धरून त्यांना थेट वर्गात घेऊन आली. मी सवयीने विचारलं, "आज कोण नाही?" तिने वर्गाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "शून्य." पहिला आकडा, फुई! सगळं वर्षभर गप्प राहून तिने शून्यापासून सुरुवात केली.

आता दुसरी. हितेंद्रदादाचा निरोप आलाय. तो गावी येतोय आणि तुला सांगू नको म्हणाला. त्याला शंका आलीय. तू कशी राहतेस ते त्याला तुझ्या तयारीशिवाय बघायचंय. आणि येताना तुझ्यासाठी सुरतेचं परतीचं तिकीटही काढून आणणार आहे. मी तुला सांगतेय ते चूक की बरोबर, माहीत नाही. पण तू स्वतः सांगायचं कबूल केलं होतंस. त्यासाठी तुला सवड मिळायला हवी.

तारीख लिहून तुझा गोंधळ व्हायचा आणि नुसता वार लिहिला तर कुठल्या आठवड्यातला तो कळायचा नाही. म्हणून रुख्माबाईंकडून सुतळी मागून आणली. त्यात मोजून गाठी मारल्यात. रोज एक सोड. शेवटची सुटली की दादा दारात. मला यायचंय, पण परीक्षा तोंडावर आहेत, रजा नाही.

भिऊ नकोस. पुठ्ठा दाखव त्याला.

मयुरी


आपलं गाव, ता. मुक्ताईनगर
१ एप्रिल २०२५

मयुरी मास्तरीणबाईंस,

तुमची वही तपासली. उत्तर चुकलं आहे. खाली वाचा आणि पुन्हा सोडवा.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्या दिवसापासून रोज सकाळी चहा झाला की एक गाठ सोडायची. सुतळी खिळ्याला टांगली होती. गाठ सोडताना मनात हितेंद्रशी बोलायचे, आज हे वाक्य सांगू, उद्या ते. हळूहळू सगळं जमवत आणलं होतं. शेवटच्या दिवशी अंगण सारवून, इस्त्रीची साडी नेसून, पुरणाचा घाट घालून खुर्चीत बसायचं आणि शांतपणे सांगायचं, असा माझा बेत.

गुरुवारी गाठ सोडून हात धुतले, तर दारात हितेंद्र! हातात बॅग. मी कालच्याच साडीत, केस मोकळे. ओट्यावर चिंचोके पसरलेले, पुठ्ठा समोर, त्या दिवशी सकाळीच येऊन बसलेल्या धुरपदाबाईची मूठ हवेत. ती मूठ तशीच राहिली.

त्याने पुठ्ठा उचलला. सूर्याखाली दोन चिंचोके होते. "आई, हे काय आहे?"

माझी वाक्यं अजून तयार नव्हती गं. मग जसं आलं तसं सांगितलं. बागेतली ती फणी, दवाखाना, फोन, न्हाणी, सगळं. तो भिंतीला टेकून खाली बसला. आधी ओरडला, "मला परक्यासारखं ठेवलंस?" मग लहान होता तसा रडला. त्याचं खरं होतं, मी ठेवलंच होतं परक्यासारखं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसले. माझा धीर सुटला होता. वाटलं, संपलं, आता कुलूप.

डोळे पुसून तो उठला. "रविवारच्या गाडीची दोन तिकिटं आहेत," म्हणाला, "कपडे भर." आणि खिळ्यावरची सुतळी ओढून काढली. तिला तळहातावर घेऊन विचारलं, "आणि हे काय?"

मी बघितलं आणि म्हटलं, "चार."

मोजलं नाही मयुरी. देवाशपथ मोजलं नाही. दिसलं. धुक्यातून तुझी पोरं येतात ना, तसं समोर येऊन उभं राहिलं, हातपाय धुतलेलं, दप्तर घेतलेलं. धुरपदाबाई ओरडली, "दिसलं वं माय हिले!" आणि तिच्या मुठीतले चिंचोके सगळ्या ओट्यावर सांडले.

हितेंद्रला काहीच कळेना. मी त्याला म्हटलं, चार गाठी उरल्या, म्हणजे तू चार दिवस आधी आलास. पण मयुरीला कुठला दिवस सांगितला होतास विचारलं, तर आजचाच म्हणाला. मग हे चार दिवस गेले कुठे? तो बोटांवर मोजायला लागला. त्याच्या आधी मीच सांगितलं: टपालात. होळी, धुळवड, शनिवार, रविवार. मयुरीने गाठी मारल्या त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मोजलं आणि मला सुतळी मिळाली सोमवारी!

गोपालने सुतळी आईच्या हातात दिली होती, बाई. तू पेटीत टाकलीस. वाटेतले दिवस कोणी सोडायचे? पोस्टमनने? छत्तीस वर्षं शिकवून माझ्या भाचीने हे असं गणित सोडवावं! तुझ्या वहीत लाल पेनाने मोठ्ठा शेरा मारलाय असं समज. आणि तीच वही उराशी धरून बसलेय असंही समज. तू चुकली नसतीस तर मी सगळी सुतळी सोडून, नटूनथटून बसले असते, आणि त्याच्या तळहातावर काहीच नसतं.

तो पाडव्यापर्यंत राहिला. रोज पुठ्ठा तपासायचा. माझ्याबरोबर जळगावला डॉक्टरांकडे आला, तासभर प्रश्न विचारले. रविवारची दोन्ही तिकिटं त्याने रद्द केली. गुढी उतरवताना म्हणाला, "आई, रहा इथेच. पण आता मला 'बरी आहे' एवढंच सांगायचं नाही." काल गेला. दर तिसऱ्या रविवारी येईन म्हणालाय. जाताना तीच सुतळी घेऊन गाठी मारायला बसला. मी म्हटलं, रविवारची गाठ मोठी मार, मधल्या बारीक, म्हणजे मला हाताने चाचपूनही कळेल. त्याने तशी मारली आणि माझ्या हातात दिली. हातात, ऐकलंस का?

सगळे अजून परत आलेले नाहीत. पाच मोजावं लागतं. सहा आणि नऊ एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात. घड्याळ अजून अडतं. पण आज सकाळी बागेत गेले. नवा घड लागलाय, खालून मोजत गेले. त्या दिवशी जिथे नाव हरवलं होतं त्याच जागेच्या फणीपाशी थांबले आणि तिला म्हटलं, तीन. मग तिच्या वरचीला म्हटलं, चार. पुढे मोजलं नाही. तिथेच उभी राहिले, बराच वेळ, आणि रडू आलं. चांगलं रडू.

सरितेला सांग, तुझं शून्य आणि माझं चार एकाच महिन्यात आले.

तू दिलेलं शेवटचं पाकीट बाजूला ठेवलंय. या पाकिटावर पत्ता मी लिहिलाय, पिनचे सहाही आकडे माझ्या हातचे. अख्खी दुपार लागली. धुरपदाबाईला बघू दिलं नाही. पोचलं तर किती दिवसांत पोचलं ते मोजून कळव. या वेळी सुट्ट्या धरून.

तुझी फुई